मोळी आणि ढीग

मशीन घ्यायला आलेला माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारायचा, "किती एचपीची हाय?" मी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवायचो आणि विचारायचो, "फांद्यांचा ढीग किती दिवसांचा आहे?" काहींना वाटायचं, या मिस्त्रीला कमी ऐकू येतं. ते पुन्हा मोठ्यानं विचारायचे. मीही पुन्हा मोठ्यानं विचारायचो. बाहेरच्या पानटपरीवाल्याला वाटायचं, आत भांडण लागलं आहे.

अमरावतीतल्या एका अवजारांच्या दुकानात माझी सगळी हयात गेली. नोकरीला लागलो तो दुरुस्तीचा मिस्त्री म्हणून. पण आमच्या शेठनं लवकरच मला गिऱ्हाइकांसमोर उभं करायला सुरुवात केली. मशीन खोलून दाखवणारा माणूस खोटं बोलत नाही, असा लोकांचा समज असतो, आणि शेठला तो समज फार आवडायचा. पंप विकले, फवारे विकले, कडबाकुट्टी विकली. शेवटच्या काही वर्षांत मात्र माझं नाव ज्याच्यासाठी झालं ते यंत्र म्हणजे फांद्या बारीक करणारं. कागदावर त्याचं नाव वुड चिपर. आमच्याकडे कुणी चिप्पर म्हणतं, कुणी फांदीकुट्टी. मी मशीन म्हणतो.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला पत्र्याचं मोठं तोंड असतं, त्यात फांदी घालायची. आत एक जड चाक जोरात फिरतं, त्याला पोलादी पाती बसवलेली असतात. दुसऱ्या नळकांड्यातून लाकडाचा भुगा उडतो. तो भुगा झाडाच्या बुंध्याभोवती पसरला की ओल टिकते, तण कमी येतं, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची माती होते. फांद्या जाळल्या तर यातलं काहीच मिळत नाही. गोष्ट इतकी सोपी आहे, आणि तरीही मशीन निवडताना भले भले चुकतात.

निवडायची पद्धत मी माझ्यापुरती बसवली होती. फांदी अंगठ्याएवढी असेल तर लहान पेट्रोलचं मशीन पुरतं. मनगटाएवढी असेल तर ट्रॅक्टरवर चालणारं घ्यावं. पोटरीएवढी असेल तर मशीनचा नादच सोडावा आणि करवत घ्यावी, ते लाकूड विकलं जातं. अंगठा, मनगट, पोटरी. इंच आणि मिलिमीटर शेतकऱ्याच्या लक्षात राहत नाहीत, स्वतःचं मनगट राहतं. शिवाय मशीनला अंगठा आणि फांदी यातला फरक कळत नाही, हेही त्याच दमात सांगता यायचं. अंगठी काढा, हातातला दोरा काढा, गळ्यातलं उपरणं घरी ठेवा, असं मी प्रत्येकाला इतक्यांदा सांगायचो की काही लोक मला अपशकुनी म्हणायचे. पण माझ्या हातून गेलेल्या एकाही मशीननं कुणाचं बोट घेतलेलं नाही. हे मी छाती काढून सांगतो.

जितकी मशीन विकली, त्याहून जास्त गिऱ्हाइकं मी न विकता परत पाठवली असतील. अकोल्याचे एक निवृत्त साहेब आले होते. गावाबाहेर त्यांनी हौसेनं जमीन घेतली होती, तिथं तीन कडुनिंब आणि एक बाभूळ. मोबाइलवर त्यांनी परदेशातलं एक धूड पाहिलं होतं, अख्खं झाड गिळणारं. तसंच पाहिजे म्हणाले. मी विचारलं, तुमच्या शेजारी कुणाकडे बकऱ्या आहेत का? साहेबांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, फांदी तोडा, बकऱ्यांना पाला खाऊ द्या, उरलेल्या काटक्या कुणीही नेईल. त्यांना एक हातकरवत देऊन लावून दिलं. ते रागानं गेले. दोन महिन्यांनी फवारा घ्यायला आले तेव्हा मात्र खुशीत होते. बकऱ्यांची नावं सांगत बसले. शेठनं त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, की खलील, तुला पगार मी देतो की बकऱ्या?

तिवशाकडचा एक गडी पऱ्हाट्यांसाठी मशीन मागायला आला. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं वाळकं झाड. ते मुळासकट उपटतात आणि मुळांना मातीची ढेकळं लटकलेली असतात. लाकूड कापणाऱ्या पात्यांना मातीएवढा वैरी नाही. अर्ध्या तासात धार जाते, मग मशीन कापत नाही, नुसतं चावतं. त्याला म्हटलं, एक तर मुळं छाटून घाल, नाही तर कुटणारं दुसरं यंत्र घे, त्याला पाती नसतात, हातोडे असतात. गड्यानं हो-हो म्हटलं, पात्यांचं मशीन दुसऱ्या दुकानातून घेतलं आणि धार लावायला माझ्याकडे आणलं. मी धार लावून दिली. पात्यात अडकलेला खडा तेवढा त्याच्या तळहातावर ठेवला.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते तुम्हाला त्याशिवाय पटणार नाही. इतकं कळणारा माणूस एका मोळीला फसला.

वरूडकडच्या एका गावात मालतीताईंचा संत्र्याचा बगिचा आहे. नवरा एसटीत चालक, घरी दोन दिवस असतो आणि चार दिवस नसतो. बगिचा पूर्ण ताईंच्याच अंगावर. संत्र्याचं फळ उतरलं की झाडातल्या वाळक्या फांद्या काढाव्या लागतात, त्याला तिकडे सल काढणं म्हणतात. सल राहिली तर रोग धरते, म्हणून काढायचीच. ती बायकांची टोळी काढते आणि मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ढीग रचले जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे आपापले ढीग पेटवतात. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे.

आदल्या वर्षी ताईंच्या ढिगाला काडी लावली आणि वारा फिरला. आग धुऱ्यावरचं वाळकं गवत धरून पलीकडे गेली आणि शेजारची नऊ झाडं गेली. ऐन बहाराची, फळाला आलेली. शेजार म्हणजे परका नाही, ताईंचे चुलत दीर विनायकराव. त्यांनी ना पोलिसांत तक्रार केली ना पंचायत बसवली. एवढंच सांगितलं, की या धुऱ्यावर पुन्हा काडी लागली तर माझ्या वावरातला रस्ता बंद. ताईंच्या बगिच्यात जायला दुसरा रस्ताच नाही. संत्रा भरायला गाडी आली नाही तर फळ झाडाखाली सडणार. म्हणजे त्या वर्षी ताईंना सल जाळता येत नव्हती आणि ठेवताही येत नव्हती.

म्हणून त्या आमच्या दुकानात आल्या. एसटीनं आल्या आणि सोबत लाकडाची मोळी आणली. मीच फोनवर सांगितलं होतं, नमुना आणा म्हणून. वाहकानं मोळीचं तिकीट मागितलं होतं. ताईंनी त्याला सांगितलं, की या गाडीवरचा ड्रायव्हर माझ्या नवऱ्याचा जोडीदार आहे, मोळी माझ्या मांडीवर बसेल. आणि खरंच तशी आणली.

मोळी पाहिली आणि मी हरखलो. पळसाच्या सालीच्या दोरानं आवळलेली, दोन्ही टोकं बरोबर, एक काडी बाहेर नाही. आमची अम्मा अशाच मोळ्या बांधायची. मी परतवाड्याचा. मेळघाटाच्या कडेला जाऊन ती सरपण आणायची आणि परतवाड्याच्या बाजारात विकायची. माझं शाळेचं दप्तर त्या मोळ्यांवर आलं. मी त्या दोराच्या गाठीवरून हात फिरवला. मग एकेक काडी काढून पाहिली: वाळकी, सरळ, अंगठ्याएवढी. बोटानं वाजवली तर टणटणीत आवाज आला.

आता माझा नियम असा होता, की नमुना काहीही असो, शेतात जाऊन ढीग पाहिल्याशिवाय मशीन ठरवायचं नाही. त्या आठवड्यात माझा गुडघा सुजला होता आणि दुकानात फवाऱ्यांची गर्दी होती. पण खरं कारण ते नव्हतं. मोळीनं मला अम्माची आठवण करून दिली आणि मला वाटलं, या लाकडाचं मला काय कुणी सांगायचं? मी लहान पेट्रोलचं मशीन ठरवलं. ताईंनी विचारलं, "भाऊ, हे पुरंन ना?" मी म्हटलं, पुरून उरेल.

मशीन सुरू करून द्यायला मी स्वतः गेलो. नवं मशीन आलं म्हणजे आमच्याकडे पूजा होते. ताईंनी हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. निम्मं गाव जमलं होतं. सल काढणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या होत्या, साडीवर मर्दानी शर्ट घातलेल्या, काट्यांपासून हात वाचावेत म्हणून त्या तसा घालतात. त्यांची मुकादम कौसाबाई, साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. विनायकराव धुऱ्यावर हात बांधून उभे होते, अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.

मी दोरी ओढली. पहिल्या खेपेला इंजिन लागलं. ताईंनी आणलेल्या मोळीतल्याच चार काड्या उरल्या होत्या, त्या घातल्या. सुंदर भुगा उडाला, लोकांनी वा-वा केलं. मग मी ढिगाकडे हात केला आणि तिथून फांदी आली.

ती वाकडी होती. तिला तीन बेचकी होती, मधे मनगटाएवढी जाड, सालीखाली अजून ओली आणि अंगभर काटे. तोंडातच आडवी बसली. छाटून घातली तर आत जाऊन अडकली. पट्टा जळल्याचा वास आला आणि मशीन बंद पडलं. मी खोललं, साफ केलं, पुन्हा सुरू केलं. दुसरी फांदीही तशीच, तिसरीही तशीच. तासाभरात तीनदा मशीन गुदमरलं आणि ढीग टोपलीभरही कमी झाला नव्हता. झेंडूच्या हारावर ग्रीसचे डाग पडले. लोक हळूहळू पांगायला लागले, तेच जास्त लागलं. हसले असते तर बरं झालं असतं.

विनायकराव निघताना थांबले आणि म्हणाले, "वहिनी, काडीपेटी आणून देऊ काय?"

ताईंनी मशीनच्या गळ्यातला हार काढला, नीट घडी केली आणि पदरात ठेवला. मी एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण मला माझ्या कामाची अशी लाज कधीच वाटली नव्हती. मशीनमध्ये काही दोष नव्हता. दोष माझा होता आणि तो अख्ख्या गावानं त्या बाईच्या अंगावर पडताना पाहिला.

बायका उठून गेल्या, कौसाबाई मागे राहिली. माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"मिस्त्री, थे मोळी मीनं बांधली होती," ती म्हणाली. "ताईनं सांगतलं, शहरात न्याची हाय, चांगली बांध. मंग चुलीसाठी बांधतो तशी बांधली. वाकडंतिकडं मोळीत कोन घालते?"

मी हातातला पाना खाली ठेवला. वरूडकडच्या बगिच्यांतून एक जुनी रीत आहे. सल काढणाऱ्या बायकांना मजुरी मिळते आणि वर घरी जाताना एक मोळी मिळते. ती त्यांच्या हक्काची. म्हणजे दिवसभर सल काढताना त्या चांगली, सरळ, वाळकी लाकडं बाजूला टाकत जातात, चुलीत पटकन पेटतील अशी. जे वाकडं, जे ओलं, जे बेचक्यांचं, जे डोक्यावर घेतलं तर टोचेल, ते धुऱ्यावर जातं. तोच ढीग होतो. म्हणजे ढीग म्हणजे बायकांनी नाकारलेलं लाकूड. मोळीत आणि ढिगात एकाच झाडाच्या फांद्या असतात, पण मोळीवरून ढिगाची पारख करता येत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? अम्मा मोळी बांधायला बसली की मी शेजारी असायचो. एकेक काडी ती माझ्या हातातून घ्यायची आणि वाकडी असली की फेकून द्यायची. म्हणायची, वाकडी काडी डोक्याला टोचते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला टोचते. मी मोळीवालीचा मुलगा, आणि मोळीनंच मला फसवलं. कौसाबाईला मी हे सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मशीनसाठी पायजे म्हून सांगतलं असतं तं ढिगातलं देल्लं असतं. आमाले कोनी इचारतच नाही."

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभा राहिलो. शेठ म्हणाले, हार घातलेलं मशीन परत घेतलं असं आपल्या दुकानात कधी झालं नाही. मी म्हटलं, मोळी पाहून मशीन विकलं असंही कधी झालं नव्हतं. मग त्यांना सांगितलं, की मशीन दुकानात परत येईल नाही तर मी येणार नाही. शेठ चांगला माणूस, फक्त चांगुलपणा त्यांच्याकडून ओढून काढावा लागतो. तासाभरानं म्हणाले, आण. आणि चहा मागवला, तोही दोन कप.

सुजलेला गुडघा बांधून मी पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी ढिगाच्या वरचं काहीच पाहिलं नाही. हात घालून तळातून दहा-बारा फांद्या ओढून काढल्या. फांदीची जाडी मोजायचा कॅलिपर दुकानातच राहिला होता. कौसाबाई बघत होती. तिनं मनगटातली एक काचेची बांगडी साबण न लावता सहज सरकवून काढली आणि माझ्या हातात दिली. एक काढली तरी हात ओका होत नाही, बाकीच्या होत्याच. आम्ही फांद्या बांगडीतून घालून पाहिल्या. अंगठ्याएवढी आणि सरळ, ती बायकांच्या मोळीची. वाकडी पण बांगडीतून जाणारी, ती मशीनची. जी बांगडीतून जात नाही, ती कुऱ्हाडीची. दुपारपर्यंत तीन ढीग वेगळे झाले. मशीनचा ढीग सगळ्यात मोठा होता.

कौसाबाईनं तेव्हा विचारलं, मशीन आलं म्हणजे आमची मोळी तर जाणार नाही ना? ताई म्हणाल्या, पहिली मोळी बांधायची, मग मशीनला हात लावायचा. तेवढं ऐकून कौसाबाईनं पदराची गाठ सोडून मला तंबाखू दिली. मी खात नाही, पण त्या दिवशी घेतली.

मग खरी अडचण समोर आली. त्या ढिगासाठी कोणतं मशीन हवं ते मला आता स्पष्ट दिसत होतं: रुंद तोंडाचं, फांदी आत ओढून घेणारे दातेरी रूळ असलेलं. असं मशीन विजेवर चालवायचं तर बगिच्यात लाइन कधी असते, कधी नसते. मोठ्या पेट्रोल इंजिनाचं घ्यायचं तर ते काळ्या मातीत ढकलून न्यायला चार गडी लागतात. योग्य ते एकच, ट्रॅक्टरला मागून जोडायचं. ताईंकडे ट्रॅक्टर नव्हता. झाडांच्या ओळींतून जाईल असा लहान ट्रॅक्टर त्या शिवारात एकाकडेच होता, विनायकरावांकडे.

मी ताईंना तसं सांगितलं. दुसरं एखादं मशीन सुचवून मी सुटू शकलो असतो. ताईंनी धुऱ्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यायच्या दारात मी आता कोन्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही ताई. मला मशीनचं माहीत आहे, आणि मशीन हेच आहे.

त्यांनी पदर खोचला आणि धुरा ओलांडून गेल्या. विनायकराव त्यांच्या बगिच्यात जळक्या जागी लावलेल्या नऊ कलमांना पाणी देत होते. मी आणि कौसाबाई अलीकडेच उभे होतो, पण सगळं ऐकू येत होतं. त्यांच्याही धुऱ्यावर सलीचे ढीग होतेच, ताईंच्या ढिगांएवढेच. एवढे दिवस ते कुणाच्या नजरेत आले नव्हते.

"भाऊजी," ताई म्हणाल्या, "मशीन माही, ट्रॅक्टर तुमचा. पयले तुमचा ढीग, मंग माहा. मांगच्या वर्षी आग माह्याकडून तुमच्याकडे आली. पुढच्या वर्षी तुमच्याकडून माह्याकडे येईन. तिले धुरा समजत नाही."

विनायकरावांनी पाण्याचा पाइप एका कलमातून काढून दुसऱ्यात ठेवला. ताईंकडे पाहिलंच नाही. थेट मला हाक मारली, "मिस्त्री, यानं ट्रॅक्टर तं खराब नाही ना होत?"

"होतो," मी म्हटलं. "चालवणारा मूर्ख असला तर."

आमच्याकडे माणूस हो म्हणतो तो असा. चार दिवसांनी मी नवं मशीन घेऊन गेलो तेव्हा ट्रॅक्टर धुवून-पुसून धुऱ्यावर उभा होता.

त्या दिवशी पूजा नव्हती, हार नव्हता, गावही नव्हतं. बायकांनी आधी आपल्या मोळ्या बांधल्या. मग मी जोडणी करून दिली, लाल दांडा दाखवला, काहीही झालं की तो ढकलायचा, मशीन जागीच थांबतं. विनायकराव ट्रॅक्टरवर बसले. ताईंनी केस बांधले, हातातल्या बांगड्या शर्टाच्या बाहीत घातल्या आणि वर रबरी हातमोजे चढवले. पहिली फांदी मुद्दाम मी निवडली, तीन बेचक्यांची. रुळांनी ती दातांत धरली, आत ओढली, बेचकी मोडल्याचा कडकड आवाज आला आणि दुसऱ्या बाजूनं पिवळा भुगा उडाला. संत्र्याच्या लाकडाचा वास साऱ्या बगिच्यात पसरला. मी एवढी वर्षं मशीन विकली, पण असा आवाज क्वचितच ऐकला. तो मला आजही ऐकू येतो आणि छाती फुगते, का लपवू?

दुपारी विनायकरावांच्या बाजूचा एक ढीग संपला. ताईंनी भुग्याची पहिली पाटी उचलली आणि त्यांच्या नऊ कलमांच्या बुंध्यांभोवती पसरली. मी मधेच टोकलं, खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा, नाही तर डिंक्या धरेल. डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. ताईंनी हातानं भुगा मागे ओढला, नऊही ठिकाणी. विनायकराव ट्रॅक्टरवर बसून बघत होते. इंजिन चालूच ठेवलं होतं.

त्यानंतर माझी दुकानातली पद्धत बदलली. नमुना म्हणून मोळी आणू नका, ढिगाच्या तळातून ओढून आणा, आणि ओढताना बाईमाणसाला विचारा, असं मी प्रत्येकाला सांगू लागलो. कौसाबाईची बांगडी काउंटरमागच्या खिळ्याला लावली. मी ती तिला परत द्यायला गेलो होतो. ती म्हणाली, ठेवा, तुमच्या दुकानात कामाची वस्तू तेवढीच असंल. किती फांद्या त्या बांगडीतून गेल्या असतील! फुटली कशी नाही याचं मला नवल वाटतं. मी निवृत्त झालो तेव्हा ती मागून पाहिली. शेठ म्हणाले, दुसरं काहीही माग. म्हणून ती तिथंच आहे.

एक खंत मात्र राहिली. अम्मा तोवर गेली होती. तिला त्या बगिच्यात नेऊन एकदा ते मशीन दाखवायला हवं होतं. तिनं फेकलेल्या वाकड्या काड्यांचं काय होतं हे तिनं कधी पाहिलं नाही. ती म्हणाली असती, एवढा आवाज कशाला? पण तिला आवडलं असतं.

पुढच्या वर्षी मी पात्यांना धार लावायला त्या गावी गेलो. पाऊस होऊन गेला होता. तिकडची काळी माती पावसानंतर कशी असते ते सांगायला नको, चप्पल पायात राहत नाही. विनायकरावांच्या वावरातून ताईंच्या बगिच्याकडे जाणारा रस्ता तर सगळ्यात वाईट, दोन चाकोऱ्या आणि मधे चिखल. आधीच्या एका पावसाळी खेपेला मी तिथं गुडघ्यापर्यंत फसलो होतो. म्हणून मी धुऱ्याधुऱ्यानं जायच्या बेतात होतो.

पाहतो तर रस्ता भुग्यानं भरलेला. चाकोऱ्या बुजवून वर वीतभर थर टाकलेला, या टोकापासून ताईंच्या बगिच्यापर्यंत. विनायकराव फावड्यानं शेवटचं टोक सारखं करत होते. मला पाहून थोडे ओशाळले. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "वहिनीची संत्र्याची गाडी फसते ना इथी."

मी चप्पल न काढता त्या रस्त्यावर पाय ठेवला. पायाखाली लाकूड करकरलं. मोळीत न बसलेल्या, बायकांनी फेकलेल्या त्या सगळ्या वाकड्या फांद्या तिथं होत्या, दोन्ही बगिच्यांच्या. मी पात्यांची पिशवी खांद्यावर घेतली आणि सरळ चालत गेलो. एकदाही पाय फसला नाही.